नऊ इंच, वीस इंच आणि थ्री-नॉट-थ्री

वाढदिवसाचा केक भर चौकात मोटारसायकलच्या सीटवर ठेवायचा, तो तलवारीने कापायचा आणि त्याचा व्हिडिओ मोबाइलवर फिरवायचा, हा प्रकार गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांनी पाहिला आहे. व्हिडिओ पोलिसांपर्यंत पोचतो आणि तलवार जप्त होते. पंच बोलावले जातात आणि मोजपट्टी निघते. पात्याची लांबी किती, मुठीची किती, पाते मधोमध किती रुंद आणि टोकाकडे किती, धार एका अंगाला की दोन्ही अंगांना, मूठ पितळी की लाकडी, हे सारे पंचनाम्यात ओळीने उतरते. हत्यार कागदात गुंडाळून त्यावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटते, लाखेचे सील बसते. फिर्यादीत मग ठरलेले वाक्य येते: विनापरवाना, बेकायदेशीररीत्या आपल्या कब्जात बाळगताना मिळून आला. खाली कलमे. हत्यार कायदा ४ सह २५, बरोबर महाराष्ट्र पोलीस अधिनियम ३७ (१) (३) सह १३५.

मोजपट्टीचे काम इथे फार मोठे आहे. केंद्र सरकारच्या शस्त्र नियमांना एक अनुसूची जोडलेली आहे. तिच्यातल्या पाचव्या वर्गात बंदुकांखेरीजची हत्यारे येतात: तलवार, गुप्ती, खंजीर, संगीन, भाला, परशू, कुकरी, कृपाण आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते असलेली तत्सम शस्त्रे. घरकामासाठी, शेतीसाठी, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. नारळ सोलणारा, ऊस तोडणारा कोयता म्हणूनच गुन्ह्याचा विषय नाही. तोच कोयता रात्री अकरा वाजता शर्टाच्या आत दडवून फिरणाऱ्या तरुणाकडे मिळाला, की पाते तेच राहते आणि हेतू बदलतो. पुण्यात कोयता घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या वाढल्या, तेव्हा २०२३ च्या सुरुवातीला पोलिसांनी दुकानदारांना कोयता विकताना गिऱ्हाइकाचे आधार कार्ड पाहायला सांगितले. लोहाराच्या पालावर आणि हार्डवेअरच्या दुकानात शेकडो वर्षे बिनबोभाट विकली गेलेली वस्तू एकाएकी नोंदवहीत आली.

तलवारीपासून तोफेपर्यंत आणि छऱ्याच्या बंदुकीपासून एके-४७ पर्यंत भारतातले प्रत्येक शस्त्र अशा कुठल्या ना कुठल्या वर्गात बसवलेले आहे. एखादी वस्तू नागरिकाने मागितली तर मिळेल, मागितली तरी मिळणार नाही की मागावीच लागणार नाही, हे त्या वर्गावर ठरते. सापडली तर दोन वर्षे की चौदा वर्षे, हेही त्यावरच. वर्गांची ही यादी सरकारी राजपत्रात आहे, पण ती ज्यांच्या आयुष्याला लागू होते त्यांच्यापैकी फार थोड्यांनी ती वाचली आहे. आणि ती वाचली की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. या रेघा एका दिवसात आखलेल्या नाहीत. प्रत्येक रेघेमागे राज्यकर्त्यांना कधी तरी वाटलेली एक भीती आहे.

भीतीचा इतिहास

पहिली भीती १८५७ ची. उठाव चालू असतानाच सरकारने शस्त्रे जप्त करण्याचा कायदा केला, १८६० मध्ये तो नव्याने आणला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या काळात, १८७८ मध्ये, पूर्ण हिंदुस्थानासाठी हत्यारांचा कायदा झाला. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचे तोंड बंद करणारा कायदा त्याच वर्षीचा. हिंदी माणसाने शस्त्र बाळगायचे तर परवाना हवा आणि युरोपीय व अँग्लो-इंडियन यांना तो नको, असा उघड भेद त्यात होता. पुढच्याच वर्षी पुणे-सातारा भागात वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केले.

राष्ट्रीय काँग्रेसने आपल्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासूनच या कायद्याविरुद्ध ठराव केले. लोकांना अपमान वाटत होता तो या भेदाचा. एकाच गावात राहणाऱ्या दोन माणसांपैकी एकाच्या खांद्यावर बंदूक चालते आणि दुसऱ्याच्या खांद्यावर तीच बंदूक गुन्हा ठरते, हे कुणालाही पटण्याजोगे नव्हते. वंशावर आधारलेल्या सवलती १९२० च्या सुमाराला नियम बदलून काढल्या गेल्या. तोवर चार दशके उलटली होती.

दुसरी भीती काडतुसांची होती, आणि तिने जगभरच्या बंदुकांचा इतिहास बदलला. मार्टिनी-हेन्री ही ब्रिटिश सैन्याची जुनी रायफल .४५० व्यासाची गोळी झाडत असे. सैन्यातून बाद झालेल्या अशा रायफली बंडखोरांच्या हाती होत्या. शिकाऱ्यांसाठी येणारी .४५० ची काडतुसे त्यांच्यापर्यंत पोचतील, या धास्तीने १९०७ च्या सुमाराला ब्रिटिश सरकारने हिंदुस्थान आणि सुदान इथे त्या व्यासाच्या दारूगोळ्याची आयात बंद केली. हत्ती आणि वाघाच्या शिकारीसाठी लागणाऱ्या रायफलींचा मोठा बाजार इथेच होता. तो हातचा जाऊ नये म्हणून लंडनच्या कारागिरांनी व्यास थोडा सरकवला. हॉलंड अँड हॉलंडची .४६५ आली, जोसेफ लँगची .४७० आली, पाठोपाठ .४७५ आणि .४७६. आज आफ्रिकेतल्या शिकाऱ्यांत .४७० चा मोठा मान आहे. तिचा जन्म हिंदुस्थानातल्या एका बंदी हुकमातून झाला.

त्याच सुमाराला आणखी एका शस्त्राने महाराष्ट्रात इतिहास घडवला. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर २० ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात पाठवली. त्यांतल्याच एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. ब्राउनिंग हे अर्धस्वयंचलित पिस्तूल होते: एक गोळी सुटली की दुसरी आपोआप नळीत येते, चाप मात्र दर वेळी ओढावा लागतो. खिशात मावणारे आणि भराभर चालणारे शस्त्र सरकारला किती महागात पडते, हे त्या संध्याकाळी नाशिकमध्ये दिसले.

स्वातंत्र्याची चाहूल लागली तसे चित्र पालटले. सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखाली १९३१ मध्ये कराचीला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने मूलभूत हक्कांचा ठराव केला. नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यात होता. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामथ यांनी हा हक्क घटनेत घालावा म्हणून दुरुस्ती मांडली. ती नामंजूर झाली. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, हैदराबादची कारवाई होऊन तीनच महिने लोटले होते. घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात शेवटी उरले ते शांततेने आणि शस्त्रांविना एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य. शस्त्र ही भारतात तेव्हापासून हक्काची बाब राहिली नाही, परवान्याची झाली.

यादीचा माथा

लिटनच्या कायद्याची जागा घेणारा आजचा शस्त्र अधिनियम १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याखालचे नियम १९६२ चे होते. जुलै २०१६ मध्ये नवे नियम आले, पण वर्गवारीचा सांगाडा बराचसा जुनाच राहिला.

सर्वांत वर पहिला वर्ग, आणि त्याचे चार पोटभाग. पहिल्या पोटभागात प्रतिबंधित शस्त्रे. चाप दाबून धरला की बोट उचलेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात, असे कोणतेही शस्त्र. विषारी वायू किंवा द्रव फेकणारे शस्त्र. तोफा, विमानविरोधी आणि रणगाडाविरोधी शस्त्रे. दुसऱ्या पोटभागात बरीचशी अर्धस्वयंचलित शस्त्रे आणि वीस इंचांहून आखूड नळीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुका. चौथ्यात बंदुकीचा आवाज किंवा जाळ दडवणारी साधने, म्हणजे सायलेन्सर.

तिसरा पोटभाग सर्वांत बोलका आहे. .३०३ (म्हणजेच थ्री-नॉट-थ्री) किंवा ७.६२ मिलिमीटरच्या रायफली, आणि सैन्याची ही काडतुसे ज्यांत बसून उडू शकतात अशा इतर कोणत्याही रायफली. .४१० च्या मस्केट. सैन्यातली ९ मिलिमीटर, .४५, .३८० किंवा .४५५ ची काडतुसे झाडू शकणारी पिस्तुले, रिव्हॉल्व्हर आणि कार्बाइन. इथे शस्त्र किती घातक आहे हा प्रश्नच नाही. सरकारी कोठारातून चोरलेले काडतूस त्यात चालते का, एवढाच निकष. १९०७ ची धास्ती शंभराहून अधिक वर्षांनंतरही कायद्यात जिवंत आहे.

.४१० ची मस्केट तर फक्त हिंदुस्थानातच कळण्यासारखी चीज आहे. ईशापूरच्या कारखान्यात ली-एनफिल्ड रायफलीची नळी आतून गुळगुळीत करून, एका वेळी एकच काडतूस बसेल अशी सोय करून ती पोलिसांना आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना दिली जाई. शिपायाच्या हातून ती हिसकावली गेली तरी हिसकावणाऱ्याला सैन्याच्या तोडीचे शस्त्र मिळू नये, हा हिशेब. पोलिसांच्या हातातली थ्री-नॉट-थ्री मात्र फार उशिरापर्यंत राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत पोलिसांच्या थ्री-नॉट-थ्रीसमोर दहशतवाद्यांच्या एके-४७ होत्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री-नॉट-थ्रीला २६ जानेवारी २०२० ला रीतसर निरोप दिला. इतके सगळे होऊनही, सरकारच्याच हातून निवृत्त झालेले हे शस्त्र नागरिकासाठी अजून पहिल्या वर्गातच आहे.

कचेरीत कुणी ही कलमे म्हणत बसत नाही. तिथे दोनच शब्द चालतात: पीबी आणि एनपीबी. प्रोहिबिटेड बोअर आणि नॉन-प्रोहिबिटेड बोअर. पीबीचा परवाना केंद्रीय गृहमंत्रालय देते, एनपीबीचा जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी आणि आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त. भारतातला नागरी बंदुकांचा बाजार या रेघेच्या खालीच वाढला. ईशापूरची .३१५ स्पोर्टिंग रायफल, कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर ही तिचीच अपत्ये. थ्री-नॉट-थ्री चालत नाही म्हणून .३१५, नऊ मिलिमीटर चालत नाही म्हणून .३२. दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर, २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या कारखान्याने बायकांच्या पर्समध्ये मावेल असे हलके रिव्हॉल्व्हर 'निर्भीक' या नावाने काढले. तेही .३२ चेच.

नळीची लांबी मोजण्याचे धोरण भारतापुरते नाही. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनंतर अमेरिकेने १९३४ मध्ये राष्ट्रीय कायदा केला आणि मशिनगन, आखूड नळीच्या रायफली व शॉटगन, सायलेन्सर यांवर प्रत्येक हस्तांतरणाला २०० डॉलर कर बसवला. तेव्हा ती रक्कम डोळे पांढरे करणारी होती. शॉटगनच्या नळीची मर्यादा तिथे १८ इंच आहे. दोन्ही देशांचा विचार एकच: लांब बंदूक खांद्यावर दिसते, नळी कापलेली बंदूक कोटाखाली दडते. भारतात बंदुकीची नळी आखूड करण्यासाठीही कलम ६ खाली वेगळा परवाना लागतो.

वर्ग बदलला की शिक्षा बदलते

हा फरक मराठी माणसाने सर्वांत जवळून पाहिला तो अभिनेता संजय दत्तच्या खटल्यात. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट प्रकरणात त्याच्यावर एके-५६ रायफल आणि नऊ मिलिमीटरचे पिस्तूल बाळगल्याचा आरोप होता. २००६ मध्ये विशेष टाडा न्यायालयाने त्याला दहशतवादी कटाच्या आरोपातून मोकळे केले, पण शस्त्र कायद्याखाली दोषी धरले. २००७ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ ला ती पाच वर्षांवर आणली. त्याखाली न्यायालयाला जाता येत नव्हते, कारण प्रतिबंधित शस्त्रासाठी तेव्हा किमान शिक्षाच पाच वर्षांची होती. साध्या विनापरवाना शस्त्राला किमान एक वर्ष होते. २०१६ च्या फेब्रुवारीत तो येरवड्यातून सुटला. वृत्तपत्रांनी त्याचे फर्लो आणि पॅरोल मोजले. चाप दाबून धरल्यावर ती रायफल काय करते, या एका तांत्रिक प्रश्नावर ती वर्षे ठरली होती, हे मात्र फारसे कुणी सांगितले नाही.

याहून टोकाची तरतूद १९८८ मध्ये पंजाबातल्या दहशतवादाच्या काळात आली होती. प्रतिबंधित शस्त्राच्या वापराने कुणाचा मृत्यू झाला तर फाशीच, दुसरी शिक्षाच नाही. एका निमलष्करी जवानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. शस्त्राचा वर्ग पाहून न्यायाधीशाचे हात बांधता येणार नाहीत, हा त्या निकालाचा गाभा. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने तिथे फाशीला जन्मठेपेचा पर्याय दिला. त्याच दुरुस्तीने प्रतिबंधित शस्त्र बाळगण्याची शिक्षा सात ते चौदा वर्षे केली, साध्या विनापरवाना शस्त्राची दोन ते पाच. एका माणसाकडे तीन बंदुकांची मुभा होती, ती दोनवर आली. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. लग्नात, वरातीत हवेत गोळीबार करून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड.

कायद्याने दिलेला शब्द

या कडक कायद्यात एक जागा अशी आहे, जिथे सरकारने नागरिकाला शब्द दिला आहे. कलम १३ चे तिसरे पोटकलम. बहुतेक परवान्यांच्या बाबतीत अधिकाऱ्याला योग्य कारण आहे की नाही हे जोखायचे असते. इथे मात्र परवाना देण्यात येईल, अशी आज्ञार्थी भाषा आहे. कशासाठी? संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या, गुळगुळीत नळीच्या बंदुकीसाठी. रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावाच्या .२२ रायफलीसाठी. आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीसाठी. ठासणीची पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर काडतुसाची बंदूकही देता येते.

कोकणात हे कलम रोजच्या जगण्याला भिडते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या डोंगरउतारावर भात पोटरीला आले की रानडुकरांचे कळप रात्री उतरतात आणि एका रात्रीत कुणगा लोळवून जातात. काजू-आंब्याच्या बागांत वानर आणि केलडी, दोडामार्ग-सावंतवाडीकडे गवे आणि हत्ती. राखणीला बसलेल्या माणसाकडे जी बंदूक असते तिची चाल पाहिली, तर कायद्याने तिला इतकी ढिली वागणूक का दिली हे कळते. आधी नळी उभी धरून तोंडातून दारू ओतायची. त्यावर चिंधी किंवा काथ्याचा बोळा. मग लोखंडी गज घालून ठासायचे, दारू बसल्याचा आवाज हाताला कळेपर्यंत. त्यावर छर्रे, परत बोळा, परत गज. शेवटी घोड्याखालच्या बोंडीवर तांब्याची टोपी बसवायची. एवढे करून एक बार. पावसाळी रात्री दारू सर्दावली तर तोही फुकट. दुसऱ्या बारासाठी परत पहिल्यापासून सुरुवात, आणि तोवर डुक्कर पलीकडच्या परड्यात. अशा शस्त्राने दरोडा घालता येत नाही, ते कमरेला खोचता येत नाही. १९५९ च्या कायदेकर्त्यांनी हे नेमके ओळखले होते.

अंमलबजावणीत मात्र हा फरक पुसला जातो. नवा अर्ज, पोलीस अहवाल, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, राष्ट्रीय माहितीकोशातला एकमेव ओळख क्रमांक, दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मुंबईतल्या बिल्डरच्या रिव्हॉल्व्हरला आणि देवगडच्या बागायतदाराच्या ठासणीला कागद जवळपास सारखेच. शहरातल्या माणसाकडे हे कागद फिरवायला वकील किंवा एजंट असतो. वाडीतल्या माणसाला त्यासाठी ओरोसला किंवा रत्नागिरीला एसटीने खेटे घालावे लागतात, आणि प्रत्येक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी. २०१६ च्या नियमांनी वारसांसाठी एक चांगली सोय केली आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने बंदूक पंचवीस वर्षे बाळगली, की तो हयात असतानाच ती मुलगा, मुलगी, सून, जावई यांपैकी कुणाच्या नावे करण्याची मागणी करू शकतो. आजोबांच्या नावावरची बंदूक मृत्यूनंतर घरात तशीच पडून राहते आणि नातू नकळत विनापरवाना शस्त्राचा आरोपी होतो, ही आपत्ती त्याने टळते. ही सोय गावात कुणी सांगितली तर.

निवडणूक आली की आणखी एक फेरा. आचारसंहिता लागताच परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. सरसकट सगळ्यांची शस्त्रे जमा करून घेऊ नयेत, छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाची पार्श्वभूमी पाहून ठरवावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले आहे आणि निवडणूक आयोगाच्या सूचनांतही ही समिती आहे. विधानसभेची निवडणूक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते, म्हणजे भात कापणीला. लोकसभेची एप्रिल-मेमध्ये, आंबा-काजूच्या हंगामात. ज्या दिवसांसाठी बंदुकीचा परवाना घेतला, नेमक्या त्याच दिवसांत ती ठाण्याच्या खोलीत भिंतीला टेकून उभी राहते. आणि बंदूक हाती असली तरी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ डोक्यावर आहेच. पिकांची नासाडी करणारे रानडुक्कर मारायलाही वनखात्याच्या परवानगीची वाट पाहावी लागते.

सवलती आणि नेम

वर्गवारीला अपवाद आहेत आणि ते देशाच्या विविधतेतून आले आहेत. कृपाण पाचव्या वर्गात असले तरी ते धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग आहे, असे घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणातच लिहिले आहे. कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यातील कोडवा लोकांना आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना परवान्यातून सूट आहे. ती ब्रिटिश काळापासून चालत आली. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उचलून धरली. कोडगूत कैलपोळ्दच्या सणाला घरोघर बंदुका फुलांनी सजवून पुजल्या जातात. महाराष्ट्रात खंडेनवमीला तलवारी, भाले, कट्यारी देव्हाऱ्यापुढे येतात. वापरता न येण्याजोग्या, पुरातन मोलाच्या शस्त्रांना कलम ४५ ने कायद्याबाहेर ठेवले आहे. जुन्या वाड्यांतली कित्येक हत्यारे त्या छायेत निर्धोक आहेत.

आणि मग कोल्हापूर. .२२ ची रायफल, .२२ चे पिस्तूल आणि .१७७ ची एअर रायफल ही तिसऱ्या वर्गातली, तुलनेने सौम्य शस्त्रे. एअरगन तर .१७७ पेक्षा मोठ्या व्यासाची किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त जोराची नसेल तर तिला परवानाच लागत नाही. या सौम्य वर्गातूनच जिल्ह्याने जग जिंकणारे नेमबाज दिले. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण आणले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिक कांस्यपदकाचा मानकरी ठरला. दोन बंदुकांच्या मर्यादेतून नेमबाजांना सूट आहे आणि २०२० मध्ये केंद्राने ती आणखी सैल केली. यादी विचारपूर्वक वापरली तर काय साधते, त्याचा हा पुरावा आहे.

यादीबाहेरचे लोखंड

जी शस्त्रे माणसे मारतात, ती बहुतांशी या यादीत नोंदलेलीच नसतात. देशात बंदुकीने होणाऱ्या खुनांत विनापरवाना शस्त्रांचा वाटा प्रचंड मोठा असल्याचे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे दाखवतात. महाराष्ट्रातल्या बातम्यांत त्यांचे नाव ठरलेले: गावठी कट्टा आणि जिवंत काडतुसे. त्यांचा एक माग जळगावच्या चोपडा तालुक्याच्या सीमेवर, अनेर नदीपलीकडच्या मध्य प्रदेशातल्या उमर्टीकडे जातो. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तिथे जाऊन शस्त्रे घडवणाऱ्या भट्ट्या मोडल्या. कारखानदारीला शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. बिहारमधल्या मुंगेरमध्ये हेच कसब असलेल्या कारागिरांना परवानाधारक कारखान्यांत एकनळी-दुनळी बंदुका बनवायची रीतसर वाट होती. सातपुड्याच्या पायथ्याला तशी वाट कधी निघाली नाही. भट्टी मोडता येते, पण पिढीजात हाताला दुसरे काम दिले नाही तर ती दुसरीकडे पेटते. पोलिसांनाही हे ठाऊक आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका जामीन अर्जाच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क आहे, आपल्याकडे तो कुणालाच नाही, आणि तरी ही शस्त्रे इतकी कशी, अशी विचारणा न्यायमूर्तींनी केली. या विचारणेचा रोख योग्य जागी आहे. परवानाधारकाचा क्रमांक, पत्ता, काडतुसांचा हिशेब सरकारकडे असतो. त्याच्यावर कागदांचा बोजा वाढवणे सोपे, म्हणून तोच वाढत जातो. कट्ट्यावर क्रमांक नसतो, त्याच्यामागे जायला माणसे, इंधन, दुसऱ्या राज्याच्या पोलिसांचे सहकार्य आणि महिनोन्‌महिने चिकाटी लागते.

राज्य सरकारच्या हातात असलेल्या काही गोष्टी आजच करता येतील. शस्त्रांचे वर्ग, पात्याची मापे आणि त्यांच्या शिक्षा सोप्या मराठीत छापून प्रत्येक पोलीस ठाण्यात, तहसील कचेरीत आणि महाविद्यालयात लावता येतील. केक कापायला तलवार काढणारी बहुतेक पोरे विशी-बाविशीची असतात आणि हातात पाचव्या वर्गातले शस्त्र आहे हे त्यांना पहिल्यांदा फिर्यादीतच कळते. ठासणीच्या बंदुकांचे नूतनीकरण आणि वारसाची नोंद तालुक्याच्या गावी शिबिरे भरवून करता येईल. निवडणुकीच्या आदेशांत पीकसंरक्षणाच्या परवान्यांची यादी छाननी समितीपुढे आधीच ठेवता येईल, म्हणजे कापणीच्या रात्री राखणदाराचे हात रिकामे राहणार नाहीत. आणि सैन्याची व पोलिसांची काडतुसे बदलली असताना पहिल्या वर्गाचा तिसरा पोटभाग जुन्या व्यासांवरच अडकवून ठेवायचा की शस्त्राच्या खऱ्या धोक्याप्रमाणे तो नव्याने लिहायचा, हे दिल्लीने ठरवायचे आहे. त्यासाठी कायद्यातही हात घालावा लागणार नाही. नियमांची अनुसूची केंद्र सरकारला राजपत्रातल्या अधिसूचनेने बदलता येते.